'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे नक्की काय? ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलेलं चालतं का?

चालतं, भारतातल्या भारतात मेल असेल तर बिनधास्त लिहा. आपल्याकडे बँकेपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे रिव्हर्ट म्हणजे उत्तर द्या याच अर्थाने वापरतात, सिंगापूर-मलेशियातही तसंच आहे, आणि आता इंग्रजी डिक्शनऱ्यांमध्येही भारतीय वापर म्हणून हा अर्थ दिलेला असतो. त्यामुळे कोणी तुम्हाला चुकीचं इंग्रजी म्हणून हसत असेल तर अजिबात मनावर घेऊ नका.

पण अमेरिका किंवा इंग्लंडमधल्या माणसाला लिहिताना जपून. तिकडे रिव्हर्ट म्हणजे आधीच्या अवस्थेला परत जाणं. सिगरेट सोडलेला माणूस परत ओढायला लागला तर तो जुन्या सवयीकडे रिव्हर्ट झाला म्हणतात. कायद्यात लीज संपली की जमीन मूळ मालकाकडे रिव्हर्ट होते, हाँगकाँगचा बराचसा भाग ब्रिटिशांनी १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या लीजवर घेतला होता म्हणून तर हाँगकाँग चीनला परत देण्यासाठी १९९७ हे साल ठरलं.

खरा घोळ होतो आयटीमध्ये. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर माहितीच असेल, तिथे रिव्हर्ट ही चक्क कमांड आहे, ती जुन्या कमिटमधले (कमिट म्हणजे बदलांची एक जतन केलेली नोंद) बदल उलटवणारा एक नवीन कमिट तयार करते (जुना कमिट हिस्टरीत तसाच राहतो). आता समजा तुम्ही परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिलंत की "आय हॅव पुश्ड द चेंजेस, प्लीज रिव्हर्ट", तुमच्या मनात आहे की बघून कळव, आणि तो वाचणार की केलेले बदल मागे घे! शुक्रवारी संध्याकाळी असा मेल गेला तर काय होईल विचार करा. म्हणून कोडबद्दल बोलताना मी तरी हा शब्द उत्तर या अर्थाने कधीच वापरत नाही, टीममधल्या नवीन मुलांनाही तेच सांगतो, मग समोरचा पुण्यातला का असेना.

अजून एक, 'रिव्हर्ट बॅक' लिहू नका, परत हा अर्थ त्या शब्दातच आहे. आणि 'रिव्हर्ट मी' तर नाहीच, लिहायचंच असेल तर 'रिव्हर्ट टू मी' लिहा.

बाहेरच्या क्लायंटला साधं 'प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे' किंवा 'लेट मी नो' लिहा, थोडं मोघम चालणार असेल तर 'गेट बॅक टू मी'.