तिच्या आईला बाहेर का काढलंस?

प्रश्न: ताई, मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, पाच वर्षं लेबर रूमलाच. मिडवाइफरीच्या दीड वर्षाच्या प्रशिक्षणासाठी अर्ज करायचाय. सासूबाई म्हणतात, "बीएस्सी करून शेवटी सुईणच होणार?" नवऱ्याला वाटतं, मी जर्मन शिकून परदेशी जावं. मला हेच काम मनापासून आवडतं. परवा रात्री एक पहिलटकरीण फार घाबरली होती. तिच्या आईला आत बसवलं, डॉक्टर यायच्या आत बाहेर काढलं. तेवढ्यात पोरगी बरीच सावरली होती. घरच्यांना कसं पटवू?

उत्तर: घरच्यांचं राहू दे. सासूबाईंना त्यांची बाळंतपणं कुणी केली ते एकदा विचार, विषय संपेल.

मला सांग, त्या आईला बाहेर का काढलंस? आणि ती गेल्यावर पोरीचं काय झालं? ते तू लिहिलंच नाहीस.

कळा सोसणाऱ्या बाईजवळ तिच्या माणसांपैकी एक बाई थांबू शकते, हे केंद्राच्या आरोग्य खात्याने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांना कळवलंय. अटी तरी काय? ती शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, उपचारांत लुडबुड करू नये. लेबर रूममधली सेवा सुधारण्यासाठी केंद्राने २०१७ मध्ये आणलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ही सोबत आहे. जवळ सतत कुणी असलं की सुटका लवकर होते, सिझेरियनही कमी होतात, हे अभ्यासांत दिसलंय. तू तर डोळ्यांनी पाहिलंस. तरी हे सगळं चोरून!

रागावतेय खरी, पण ज्या खोलीत "ओरडू नकोस गं" एवढंच ऐकू येतं, तिथे त्या पोरीची भीती तुला दिसली, म्हणूनच रागावतेय.

केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे मिडवाइफने गुंतागुंत नसलेली बाळंतपणं स्वतःच्या जबाबदारीवर करायची असतात. स्वतःच्या जबाबदारीवर, कळलं? डॉक्टरांची चाहूल लागताच जी दार उघडून आईला बाहेर घालवते, ती उद्या "सर, हिचं सगळं ठीक चाललंय, हिला अजून वेळ देऊ या," असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

तेव्हा पुढच्या रात्रपाळीला पडदा ओढ, आईला उशाशी बसव आणि केसपेपरवर तिचं नाव लिही. डॉक्टर आले की उठवू नकोस. विचारलं तर म्हण, "मीच बसवलंय, सर." ते चिडतील कदाचित. चिडू देत. दुसऱ्या दिवशी अर्ज भर.