तिच्या प्रत्येक फाइलचं नाव ‘फायनल’ होतं

“मॅडम, मुलगी हुशार आहे, कष्टाळूही आहे. पण हातात घेतलेलं एकही काम तडीस नेत नाही. रात्र रात्र लॅपटॉपसमोर बसते आणि सकाळी सगळं पुसून टाकते. हा आळस आहे, चंचलपणा आहे, की दुसरंच काही?”

कलामहाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचे वडील विचारत होते. आदल्याच आठवड्यात तिने सहा महिन्यांच्या कामाचं अख्खं फोल्डर डिलीट केलं होतं. अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ, ध्वनी यांत धडपडणाऱ्या मुलांचे पालक थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, म्हणून ही हकीकत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत झोप, भूक, मैत्रिणी, मनाची अवस्था असं सगळं विचारलं. जगणं नकोसं वाटतं का, हेही आडपडदा न ठेवता विचारलं. स्वतःच्या हाताने स्वतःचं काम नष्ट करणाऱ्या मुलांना ते विचारावंच लागतं. तसं काही नव्हतं. लहानपणापासून अभ्यास, खेळ, घरातली कामं सगळंच अर्धवट टाकायची सवय असती, तर मी तिला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे तपासणीसाठी पाठवलं असतं. तसंही नव्हतं. झोप मात्र पार बिघडलेली होती.

मग मी एक चूक केली. वेळापत्रक आखून दिलं आणि सांगितलं, एकच काम निवड, महिनाभरात पूर्ण कर. तिने केलं. पण पुढच्या भेटीला आली ती चेहरा पाडूनच. “संपवलं, पण तुम्ही बघू नका.” तिचं काम एकदाही न पाहता मी उपाय सांगून मोकळी झाले होते.

तिसऱ्या भेटीत मी तिचा हेडफोन मागून घेतला. चाळीस सेकंदांचा तुकडा होता. कोळशाने काढलेला एक हात दारावर थाप मारतो आणि दार पाण्यासारखं हलतं. थापेचा आवाज दाराचा नव्हताच. पाण्याने भरलेल्या बादलीवर तळहात मारून तिने तो रेकॉर्ड केला होता. मी दोनदा पाहिलं. अंगावर काटा आला, आणि तसं तिला सांगितलंही.

“पण थाप आणि आवाज जुळत नाहीत,” ती म्हणाली.

मला कळेना. मग तिने समजावलं. एका सेकंदात २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं. थापेचा आवाज ती कधी एक चौकट पुढे, कधी एक चौकट मागे सरकवत होती, म्हणजे सेकंदाच्या चोविसाव्या भागासाठी झगडत होती. यात तीन रात्री गेल्या होत्या. वर हेही सांगितलं, की आवाज किंचित उशिरा आला तर कान चालवून घेतो, पण चित्राच्या आधी आला की लगेच खटकतं. कारण प्रत्यक्षातही प्रकाश आधी पोचतो, आवाज मागाहून. वडिलांना चंचल वाटणारी मुलगी ती हीच.

तिला छळत होता तो तिचाच मापदंड. मोठ्या स्टुडिओंचे चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून ती स्वतःला मोजत होती. मी गृहपाठ दिला : तुझा सगळ्यात आवडता अ‍ॅनिमेशनपट लाव आणि शेवटी सरकत जाणारी नावं मोज. पुढच्या वेळी म्हणाली, “चारशेपर्यंत मोजली, मग सोडून दिलं.” इकडे चित्र काढणारी ती, शूटिंग करणारी ती, आवाज गोळा करणारी आणि जुळवणारीही तीच. एकच चित्र लागोपाठ दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात, दहा सेकंदांना १२०.

दुसरी गोष्ट मला तिच्या स्क्रीनवर दिसली. फाइलींची नावं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’. चाचपडत केलेल्या प्रत्येक गोष्टीला शेवटचं म्हटलं, की ती अपुरीच दिसणार. मी म्हटलं, दुसरं नाव शोधू या. तिलाच आठवलं : पिएर शेफर या फ्रेंच रेडिओ अभियंत्याने रेल्वेचे आणि इतर आवाज तबकड्यांवर रेकॉर्ड करून, त्यांचे तुकडे जुळवून रचना केल्या आणि १९४८ साली त्या रेडिओवर वाजवल्या, तेव्हा त्यांना ‘एत्यूद’, म्हणजे ‘अभ्यास’ असंच नाव दिलं होतं. बोलता बोलता तिने एका फाइलचं नाव बदललं. ‘अभ्यास १.’

त्यातून दोन नियम ठरले. महिनाभर काहीही पुसायचं नाही. नको वाटेल ते ‘बाजूला’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. आणि प्रत्येक प्रयोगाआधी वहीत एक प्रश्न लिहायचा, नंतर त्याचं उत्तर. ‘पाण्याचा आवाज लावला तर दार जड वाटतं की हलकं?’ याचं उत्तर तीन सेकंदांच्या तुकड्यात मिळतं. मिळालं, की तो प्रयोग पूर्ण झाला, मग चित्रपट झालेला असो वा नसो. पूर्ण आणि अपूर्ण यांतला हा फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. खरं तर मलाही तो तिच्या कामातूनच उमगला.

वडिलांना मी विनंती केली, की “कधी संपणार?” हे विचारणं थांबवा आणि आठवड्यातून दहा मिनिटं हेडफोन लावून नुसतं ऐका.

“मला त्यातलं काही कळत नाही हो.”

“कळायला नकोय. काय ऐकू आलं, एवढंच तिला सांगा.”

पहिल्या वेळी ते म्हणाले, “काहीतरी पेटलंय.” तो प्लॅस्टिकचा कागद चुरगाळल्याचा आवाज होता. मुलगी हे मला सांगताना खुर्चीतून अर्धी उठली होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मध्ये एकदा तिने पुन्हा एक फोल्डर उडवलं, झोपही पूर्ण रुळावर यायची आहे. पण सत्राच्या शेवटी एकच मोठं काम देण्याऐवजी पाच ‘अभ्यास’ आणि वही दिली तर चालेल का, हे तिने शिक्षकांना स्वतः जाऊन विचारलं. ते तयार झाले.

शेवटच्या भेटीला बापलेक दोघं आले. तिने तीच दारावरची थाप पुन्हा केली होती, आता अकराच सेकंदांची. हात दारावर पडतो आणि पूर्ण एक सेकंद काहीच ऐकू येत नाही. मग थाप.

वडिलांनी हेडफोन काढला. “आवाज उशिरा का येतो गं?”

“दार किती जाड आहे ते कळावं म्हणून, बाबा.”

त्यांनी हेडफोन परत कानांवर चढवला. “पुन्हा लाव.”