जुन्या ईव्ही कारची बॅटरी घरच्या सोलर इन्व्हर्टरला लावावी का?

तुम्ही विचारलंय की अपघातात गेलेल्या ईव्हीची बॅटरी भंगारवाला स्वस्तात देतोय, ती घरी सोलरला लावू का. ही बॅटरी नका घेऊ. पण कल्पना वाईट नाहीये, उलट मला फार आवडते.

गाडीतून बॅटरी काढतात तेव्हा साधारण 70-80 टक्के कॅपॅसिटी शिल्लक असते. गाडीला ती पुरत नाही कारण रेंज कमी होते आणि ॲक्सिलरेटर दाबला की एकदम साठ-सत्तर किलोवॅट ओढले जातात, घराला लागतो एखादा किलोवॅट, तोही सावकाश. 30 युनिटचा पॅक 75 टक्क्यांवर आला तरी 22 युनिट राहतात आणि आपली इन्व्हर्टरची 12 व्होल्ट, 150 एएचची (अँपिअर-अवर) ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी जेमतेम 1.8 युनिटची, त्यातलीही अर्धीच वापरावी लागते. एवढा माल सरळ तोडून रिसायकलिंगला गेला की मला खरंच वाईट वाटतं.

ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरेना स्टेडियममध्ये 2018 पासून 148 निसान लीफच्या बॅटऱ्यांएवढी साठवण आहे, काही नव्या काही गाडीत वापरलेल्या, एका वेळी 3 मेगावॅट देणारी आणि एकूण 2.8 मेगावॅट-तास, म्हणजे 2800 युनिट साठवणारी. आपल्याकडे बंगळुरूच्या नुनाम या स्टार्टअपने ऑडीच्या टेस्ट गाड्यांच्या बॅटऱ्या ई-रिक्षात घातल्या. दोन्हीकडे बॅटरी कुठून आली, कशी वापरली गेली ते माहीत होतं. सगळा खेळ तिथेच आहे.

भंगारवाला मीटर लावून व्होल्टेज दाखवेल, त्यावर जाऊ नका. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल असेल तर अर्धा रिकामा असो की जवळपास भरलेला, 3.2-3.3 व्होल्टच दाखवतो, आणि सेल म्हातारा झालाय का ते तर त्यातून अजिबातच कळत नाही. त्यासाठी फुल चार्ज करून ठराविक लोडवर उतरवून किती एएच निघाले ते मोजावं लागतं, इंटर्नल रेझिस्टन्स (सेलच्या आतला विरोध, म्हातारपणी वाढतो) बघावा लागतो, मग काही दिवस नुसतं ठेवून कुठला सेल आपोआप उतरतोय ते बघायचं. सिरीजमध्ये एक जरी सेल कमजोर निघाला तरी अख्खी बँक त्याच्याच हिशोबाने चालते. आणि अपघाताच्या गाडीत तर आत मार बसलेला सेल आज ठीक दिसतो आणि महिन्यांनी शॉर्ट होऊन पेटू शकतो, घरात हे नकोच.

शिवाय कारचा पॅक बहुतेक वेळा 300 व्होल्टच्या पुढे असतो, तुमचा इन्व्हर्टर 12, 24 नाहीतर 48 चा. म्हणजे पॅक उघडून मॉड्युल (सेलचे गट) वेगळे करून नवीन बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) लावणं आलं, आणि एवढ्या डीसीचा झटका जीव घेतो हो. घरगुती इलेक्ट्रिशियनला हात लावू देऊ नका.

घ्यायचीच असेल तर तपासून पुन्हा बांधलेली, मॉड्युलप्रमाणे कॅपॅसिटी रिपोर्ट असलेली, लेखी वॉरंटीची आणि शक्यतो एलएफपीच घ्या. नव्या एलएफपीपेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडत नसेल तर सरळ नवीन घ्या, दर खूप उतरलेत. बसवताना इन्व्हर्टरची सेटिंग ट्युब्युलरवर राहू देऊ नका, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचं जादा व्होल्टेजचं चार्जिंग) बंद करा, एलएफपीच्या 16 सेलच्या (48 व्होल्टच्या) बँकेला 57.6 व्होल्टच्या वर चार्जिंग नको. जागा हवेशीर, जिन्याखाली किंवा बेडरूममध्ये अजिबात नाही. इन्व्हर्टरचं मॉडेल कमेंटमध्ये टाकलंत तर त्यात लिथियमचं सेटिंग आहे का ते बघून सांगतो.