टीएलए प्लस (प्रणाली कशी वागते ते गणिती रूपात लिहिण्याची भाषा): नाशिकच्या कांदा बाजारातला एकच भुईकाटा आणि दोन ट्रॅक्टर असं मॉडेल केलंय. वीक फेअरनेस (शक्य असलेली पायरी कायम टाळता येणार नाही, या अटीचा सौम्य प्रकार) देऊनही टीएलसी, म्हणजे मॉडेल तपासणारं साधन, दुसऱ्या ट्रॅक्टरला कायमचं ताटकळत का ठेवतो?

काटा घेण्याच्या अ‍ॅक्शनला वीकऐवजी स्ट्राँग फेअरनेस द्या. वीकमध्ये अ‍ॅक्शन सलग शक्य राहिली तरच ती कधीतरी घडते. इथे पहिला ट्रॅक्टर उतरतो, काटा रिकामा होतो आणि तोच पुन्हा चढतो. दुसऱ्याची अ‍ॅक्शन शक्य, अशक्य, शक्य, अशक्य अशी हेलकावत राहते, म्हणून वीकची अट मोडतच नाही. स्ट्राँगला ती पुन्हा पुन्हा शक्य झाली एवढं पुरतं.

अट प्रत्येक ट्रॅक्टरसाठी वेगळी लिहा. ‘नेक्स्ट’वर, म्हणजे सगळ्या पायऱ्या एकत्र करणाऱ्या सूत्रावर, एकदाच लावली तर कोणीतरी पुढे सरकतं, एवढीच हमी मिळते, सर्रास होणारी चूक हीच. काटा सोडण्याला वीक पुरे, पण ती हवीच, नाहीतर चढलेला उतरणारच नाही. लाइव्हनेस (हवं ते कधीतरी घडतंच का) तपासताना सिमेट्री (सारखे ट्रॅक्टर एकच धरून तपासणी कमी करणारी सोय) बंद ठेवा, तिच्यामुळे खरी चूक निसटू शकते.

मात्र स्ट्राँग फेअरनेस ‘कधीतरी’ म्हणतो, किती गाड्यांनंतर ते नाही. ती मर्यादा हवी असेल तर रांगच मॉडेल करा: आलेला शेवटी जोडा, काटा फक्त पहिल्याला द्या. मग रांगेत लागणं, चढणं, उतरणं या तिन्हींना वीक पुरतो. कोडमध्येही तशीच रांग लागेल: जावाचं रीएंट्रंटलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) मुळात अनफेअर असतं, आणि फेअर केलं तरी वेळ न दिलेला ट्रायलॉक (कुलूप लगेच मिळतं का बघणारी मेथड) रांग मोडून आत घुसतो.