मंडळी खरोखर सर्वांची आहे हे कसे ओळखावे

सप्रेम सलाम.

आपला प्रश्न थोडक्यात असा: बदलीमुळे आपण नुकतेच नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आला आहात. आपण स्वतः मराठी ख्रिस्ती आहात, पत्नी वारकरी घरातल्या असून बाप्तिस्मा घेण्याचा त्यांचा विचार नाही, मुलगी पाच वर्षांची आहे आणि आई चाकाच्या खुर्चीवर असतात. घराजवळच्या मंडळीत, म्हणजे एका चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या समुदायात, या चौघांनाही मोकळेपणाने जाता येईल का, आणि ते आधी ओळखायचे कसे, हे आपल्याला हवे आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एका मराठी मंडळीत मी अठरा वर्षे पंचकमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीवर, होतो आणि त्यातली सात वर्षे सचिव होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिल्या रविवारी स्वागत सगळीकडेच होते. पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी नव्या पाहुण्यांना उभे राहायला सांगतात, टाळ्या वाजतात, बाहेर पटांगणात चहा मिळतो आणि दोन-चार वडीलधारी माणसे ‘मूळचे कुठले?’ असे विचारतात. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. मंडळी मोकळी आहे की नाही ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळते, जेव्हा आपल्या घरातल्या माणसांना कोणी काही काम सांगते की नाही हे दिसू लागते. सतरंज्या घालणे, हंगामाच्या सणाला आलेल्या भाज्या मांडणे, आजारी सभासदाच्या घरच्या प्रार्थनेला सोबत येणे, अशी ही कामे साधीच असतात. परंतु ज्याला वर्षभर नुसतेच ‘या, बसा’ म्हटले जाते तो वर्षभर पाहुणाच राहतो. आपल्या पत्नींच्या हातचे पोहे मंडळीने खाल्ले का, हा प्रश्न मी त्यांना किती जणांनी सलाम केला यापेक्षा महत्त्वाचा मानतो. (चहापाण्याला कमी लेखू नये. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या एका चहापानावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, झाले आणि ते प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. एका पेल्यात किती काही मावते हे आपल्या लोकांना तेव्हापासून ठाऊक आहे.)

आता प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या विधीविषयी, कारण पाहुण्याला खरा अवघडलेपणा तेथेच येतो. बहुतेक मराठी मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. आमच्या पद्धतीत भाकर आणि प्याला घेण्यासाठी बाप्तिस्मा व दृढीकरण (जाणत्या वयात विश्वास जाहीर कबूल करण्याचा विधी) झालेले सभासद पुढे जातात, आणि त्यामुळे बाकावर एकटे बसून राहिलेल्या माणसाला सगळ्यांच्या नजरा आपल्यावरच आहेत असे वाटते. हा नियम मी सौम्य करून सांगणार नाही. परंतु पुष्कळ पाळक बाप्तिस्मा न झालेल्यांना आणि लहान मुलांनाही पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आपण आदल्या आठवड्यात पाळकसाहेबांना घरी भेटून पत्नींची भूमिका स्पष्ट सांगावी आणि त्यांनी पुढे यावे की बसून राहावे हे विचारून घ्यावे. पाळकसाहेब लगेच बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वर्गाचा दिवस ठरवू लागले, तर त्या मंडळीविषयी आपल्याला पुरेसे कळलेच आहे.

मुलीच्या बाप्तिस्म्यावरून नातेवाइकांत मतभेद आहेत असेही आपण लिहिले आहे. त्याबाबत चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा जन्मच आपल्या उपयोगी पडेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ही संस्था झाली. त्यांत अँग्लिकन होते, तसेच बाप्टिस्ट आणि ब्रदरेनही होते. म्हणजे अर्भकाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल केल्याशिवाय पाण्यात न उतरवणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक एका छताखाली आले. त्यांनी दोन्ही पद्धती ग्राह्य धरल्या. त्यामुळे मुलीचा बाप्तिस्मा आता करा किंवा तिला मोठी होऊन ठरवू द्या, दोन्हीपैकी काहीही नियमाबाहेर नाही, आणि दुसरा मार्ग निवडला म्हणून कोणी रविवार शाळेत तिला वेगळी वागणूक देत असेल तर तो त्या व्यक्तीचा हट्ट समजावा. माझ्या मते घरात दोन परंपरा असताना वाट पाहणे शहाणपणाचे. आजी-आजोबांच्या आग्रहाखातर उरकलेला बाप्तिस्मा पुढे आई-वडिलांत कायमचा सल होऊन राहिल्याचे मी दोन घरांत पाहिले आहे.

पत्नींना बाप्तिस्मा नको आहे, परंतु ख्रिस्ताविषयी आदर आहे आणि उपासनेला बसायला आवडते, हे आपले वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. अशा माणसाला मराठी ख्रिस्ती परंपरेत जागा नाही असे मुळीच नाही. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, अनेक वर्षे याच नगरमध्ये काम केले, आणि १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तशिष्य त्या दरबारात बरोबरीने बसावेत, ही त्यांची कल्पना होती. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार फार टिकला नाही. पुढच्या पिढ्यांच्या मंडळ्यांनी त्यांची गीते दर रविवारी म्हटली, पण त्यांचा दरबार मात्र बाजूला ठेवला, ही माझी जुनी तक्रार आहे. कोणी आपल्या पत्नींना ‘मग त्या नेमक्या कोण?’ असे विचारले, तर टिळकांचे उदाहरण देण्यास संकोच करू नये. नगरमध्ये ते नाव ऐकले की आवाज आपोआप खाली येतो.

त्या गीतांमुळेच पत्नींना परके वाटण्याची शक्यता कमी आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आले, आणि त्याबरोबर इंग्रजी चालींची भाषांतरित गीतेही आली. ती गाताना मराठी शब्दांची ओढाताण आजही ऐकू येते. पण ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचे गीतपुस्तक उघडले की टिळक आणि कृष्णरत्न सांगळे यांची भजने, पदे आणि अभंगही समोर येतात. पेटी, तबला आणि टाळ यांवर ती रंगतात, आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपराही याच जिल्ह्यात रुजली. एकच सूचना: इंग्रजीमिश्रित नव्या गाण्यांवर आणि मोठ्या आवाजाच्या यंत्रणेवरच भर असलेली मंडळी आपल्या मुलीला कदाचित आवडेल, परंतु पत्नींसाठी जुन्या चालीची सकाळची उपासना शोधावी.

आईंविषयी लिहिताना मला माझीच चूक सांगावी लागेल. आमच्या उपासनामंदिराला, म्हणजे चर्चच्या इमारतीला, दगडी चार पायऱ्या आहेत. मी सचिव असताना एक वृद्ध बाई यायच्या बंद झाल्या, आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या असतील असे आम्ही सर्वांनी सहा महिने गृहीत धरले. नाताळच्या भेटींना गेलो तेव्हा त्या घरीच होत्या. गुडघे गेल्यामुळे पायऱ्या चढवत नाहीत आणि दोघांनी उचलून आत नेणे त्यांना लाजिरवाणे वाटते, एवढेच कारण होते. त्यांचे घर मंदिरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. त्यानंतरही उतार बांधायला दोन वर्षे गेली, कारण जुन्या दगडी इमारतीला सिमेंट शोभेल का यावर कमिटीत वाद चालला होता. त्या बाईंनी तो उतार पाहिला नाही. म्हणून आपण पहिल्या भेटीत विचारा की उतार आहे का, खुर्ची ठेवायला बाकांच्या रांगेत जागा सोडली आहे का (मागे कोपऱ्यात नव्हे), आणि प्रभुभोजन त्यांच्या जागेवर आणून देतात का. उतार नसेल तर कमिटीला लेखी पत्र द्या. तोंडी सांगितलेले वार्षिक सभेपर्यंत पोहोचत नाही.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. आपल्या मंडळ्यांत जात संपली आहे असे व्यासपीठावरून म्हटले जाते, पण सोयरीक जुळवताना ती विचारली जाते, आणि ‘मूळचे कुठले?’ या प्रश्नामागे कधी कधी तोच शोध असतो. त्याच्या उलट बाजूही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, त्यामुळे काही कुटुंबे वर्षानुवर्षे उपासनेला येतात पण सभासदांच्या नोंदवहीत नाव लावत नाहीत. त्यांच्या घरातले मरण आले की कबरस्थानात जागा द्यायची की नाही यावर नोंदवही उघडणारी कमिटी मी पाहिली आहे, आणि त्याच सायंकाळी स्वतः कुदळ घेऊन गेलेले पाळकही पाहिले आहेत. एखाद्या मंडळीची पारख करायची असेल तर जुन्या सभासदाला चहाच्या वेळी सहज विचारा की नाव नोंदवलेले नसलेल्या माणसाचा दफनविधी येथे कसा होतो.

वर्गणीची चिंता करू नये. नोंदलेल्या सभासदांकडून ती ठरावीक घेतात, पाहुण्यांनी दानाच्या पिशवीत काही टाकले नाही तरी चालते.

आपल्या पत्नी माहेरी भजनी मंडळात टाळ धरत असत, असे आपण शेवटच्या ओळीत लिहिले आहे. नाताळच्या गीतांचा सराव साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि पेटीवाला मिळाला तरी टाळ धरणारे दरवर्षी कमी पडतात, तेव्हा पाळकसाहेबांना भेटाल तेव्हा ही गोष्ट आवर्जून सांगा आणि ते काय म्हणतात ते येथे कळवा.