विझर्ड सगळं एकटाच उरकतो आणि फायटर बसून राहतो. फायरबॉलचं डॅमेज निम्मं करावं का?

तुम्ही लिहिलंय की डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फाशांच्या कथाखेळात तुमची पार्टी, म्हणजे पात्रांची टोळी, पाचव्या लेव्हलला पोहोचल्यापासून विझर्ड, म्हणजे जादूगार, फायरबॉल या आगीच्या एका मंत्रात लढाई संपवतो आणि फायटर, म्हणजे योद्धा खेळणारी मैत्रीण मोबाइल बघत बसते. कृपा करून डॅमेज (मंत्राने होणारी इजा) कापू नका. आधी एवढंच बघा, दोन लाँग रेस्टच्या (पात्रांच्या रात्रभराच्या विश्रांतीच्या) मध्ये तुमच्याकडे किती लढाया होतात?

माझा अंदाज, एक. बडोद्यात आमचा ग्रुप रविवारी दुपारी दांडिया बाजारात जमतो, निम्मे मराठी, निम्मे गुजराती. गप्पा, सेव उसळ, गावात थोडी चौकशी आणि एक मोठी लढाई, की संध्याकाळ झालीच. पण खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतले क्लास (पात्रांचे प्रकार) वेगळ्याच हिशोबावर उभे आहेत. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या पुस्तकात दिवसाला मध्यम किंवा कठीण असे सहा ते आठ सामने आणि मध्ये दोनेक शॉर्ट रेस्ट (छोट्या विश्रांती) धरलेत.

आता आकडे लावून बघा. पाचव्या लेव्हलच्या विझर्डकडे तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट २; एक मंत्र टाकला की एक स्लॉट खर्च, आणि फायरबॉलला या लेव्हलचा लागतो. आर्केन रिकव्हरी वापरून आणखी १ परत मिळतो. म्हणजे दिवसाला फार तर ३ फायरबॉल, प्रत्येकी ८ फासे, सरासरी २८ डॅमेज, तेही २० फूट त्रिज्येतल्या सगळ्यांना. ते संपले आणि खालचे स्लॉटही खर्च झाले की हातात उरतो फायर बोल्ट, स्लॉट न लागणारा साधा मंत्र, सरासरी ११. फायटरच्या ग्रेटसोर्डचा एक वार साधारण तेवढाच असतो, आणि तिचे वार दोन आहेत, ते कधीच संपत नाहीत. दिवसात एकच लढाई असेल तर विझर्ड हात सैल सोडून उधळणारच, त्यात त्याचा दोष नाही. सहा लढाया असतील तर पहिलीतच फायरबॉल टाकायचा का, हा त्याच्यापुढे खरोखरचा पेच होतो. शिवाय फायटरचे अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (थोडी इजा भरून काढणं) शॉर्ट रेस्टला परत येतात. तुमच्याकडे शॉर्ट रेस्ट होतच नसेल तर तिचं नुकसान दुहेरी आहे. वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार क्लासचंही तेच, त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टला परत येतात.

म्हणून रविवार संपला म्हणजे गोष्टीतला दिवस संपला, असं धरायचं नाही. स्लॉट कागदावर लिहून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू. आमच्या मोहिमेत पावागडावरून बेतलेला एक डोंगरी किल्ला आहे. एकामागून एक दरवाजे, आणि वाटेत आठ तास पडून राहिलात तर वरच्या दरवाजावरचे लोक तेल तापवून तयार. विझर्ड खेळणारा तिथे एकेक स्लॉट जपून वापरायला लागला, आणि मला वाटतं खेळ खरा तिथून रंगला. असं रचणं जमत नसेल तर पुस्तकातच पर्यायी नियम आहे: शॉर्ट रेस्ट ८ तासांची, लाँग रेस्ट ७ दिवसांची. आठवड्याला एक लढाई खेळणाऱ्यांना तो चपखल बसतो.

लढाईबाहेरचा प्रश्न मात्र जास्त अवघड आहे. कुलूप, भिंत, पहारेकरी, सगळ्यावर विझर्डकडे मंत्र. इथे मंत्राचं वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय लावा. नॉक या मंत्राने कुलूप उघडतं, पण तो आवाज ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. इनव्हिजिबिलिटी (अदृश्य होण्याचा मंत्र) हल्ला केला किंवा मंत्र टाकला की तुटते. कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे सतत लक्ष लागणारा मंत्र एका वेळी एकच, आणि मार बसला की तो टिकवायला सेव्ह (फासा टाकून परीक्षा) द्यावाच लागतो. घाईत डीएम हे सोडून देतात आणि मग विझर्ड आहे त्यापेक्षा बलवान वाटतो.

आकडे सारखे केले म्हणजे समतोल झाला, असंही नाही. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या पहिल्या आवृत्तीत थीफ (चोर) साधारण १,२५० अनुभवगुणांना दुसऱ्या लेव्हलला जायचा, मॅजिक-यूजरला (तेव्हाच्या विझर्डला) २,५०० लागायचे. दुबळा लवकर वाढतो, बलवान उशिरा, असा तो तोल. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना एकच तक्ता दिला आणि वरच्या लेव्हलचे जादूगार हाताबाहेर गेले. २००८ मध्ये चौथीने सगळ्या क्लासना जवळपास एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या. तोल उत्तम साधला, पण सगळे क्लास सारखेच वाटतात ही तक्रार तेव्हापासूनची. मला तो साचा नको वाटतो. फायटर आणि विझर्ड वेगळेच वाटले पाहिजेत.

तुमच्या मैत्रिणीचा फायटर चॅम्पियन या उपप्रकारातला आहे का, तेही विचारा. चॅम्पियनला वीस बाजूंच्या फाशावर १९ किंवा २० पडला की क्रिटिकल (जादा डॅमेजचा वार), बाकी दर फेरीला तेच ते. तिला डावपेच आवडत असतील तर पुढच्या वेळी बॅटल मास्टर हा दुसरा उपप्रकार करून द्या, मधेच बदललं तरी काही बिघडत नाही. शत्रूला पाडणं, त्याच्या हातातलं शस्त्र उडवणं, मित्राला वार करायची संधी देणं, यातलं काही निवडता येतं. त्यासाठी ४ फासे मिळतात, आणि तेही शॉर्ट रेस्टला परत येतात.