दाढी केली की गळ्याला आग होते, काय करू?

प्रश्न: वय 24, नवीन नोकरी लागल्यापासून रोज दाढी करतो. गालांना काही होत नाही पण हनुवटीखाली गळ्यावर लाल होतं, दुसऱ्या दिवशी बारीक पुटकुळ्या. पाच ब्लेडचा महागडा रेझर घेतला तर अजूनच वाढलं. आफ्टरशेव्ह तर इतकं झोंबतं की डोळ्यात पाणी येतं. केस कुरळे आहेत.

उत्तर: तुमच्या शेवटच्या वाक्यातच बरंचसं उत्तर आहे बघा. कुरळा केस कापला की त्याचं टोक अणकुचीदार होतं आणि वाढताना ते वळून परत कातडीत घुसतं, मग शरीर त्याला काट्यासारखं समजतं आणि तिथे सूज येते. आरशाजवळ जाऊन नीट बघा, एखाद्या पुटकुळीत काळ्या दोऱ्यासारखा वळलेला केस दिसेल. जास्त ब्लेडवाल्या रेझरमध्ये पहिलं ब्लेड केस ओढून धरतं, पुढचं कापतं, त्यामुळे केस कातडीच्या आत जातो. हात फिरवला की तुळतुळीत लागतं खरं पण त्रास तिथेच सुरू होतो. म्हणून माझं स्पष्ट मत, तुळतुळीतचा हट्ट सोडा.

आधी पुटकुळ्या बसेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, रेझर बंद. ऑफिसला चालत असेल तर ट्रिमरने एखादा मिलिमीटर खुंट ठेवा, तेवढंही नीटनेटकं दिसतं. आग होत असेल तर थंड पाण्यात भिजवलेला कपडा पाच-दहा मिनिटं ठेवायचा, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह कायमचं बंद, ते जखमेवरच ओतल्यासारखं आहे. आणि प्लीज, पुटकुळ्या नखाने फोडू नका, केस चिमट्याने उपटूही नका, डाग राहतात.

परत सुरू कराल तेव्हा एकच ब्लेडवाला रेझर घ्या आणि अंघोळीनंतर दाढी करा, कोमट पाण्याने केस मऊ झालेले असतात, जेल लावून दोन-तीन मिनिटं थांबा. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवून बघा, ज्या दिशेला गुळगुळीत लागतं तीच केसाची दिशा, रेझर तसाच न्यायचा. गळ्यावर ही दिशा जागोजागी बदलते, काहींचे केस तिथे आडवे किंवा चक्क वरच्या बाजूला वाढतात, आणि बहुतेक जण सवयीने एकाच दिशेने ओढत राहतात म्हणून गाल सुटतात आणि गळा सापडतो. कातडी ताणू नका, दाबू नका, त्याच जागी परत परत फिरवू नका. दर ओढीला ब्लेड धुवायचं, पाच-सात वेळा वापरलं की बदलायचं, आणि रेझर कोणाला द्यायचा नाही, घरातल्यांनाही नाही.

खाज फारच असेल तर 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम दोन-चार दिवस चालतं, त्याहून जास्त मनाने लावू नका, कातडी पातळ होते. पू व्हायला लागला, केसतूड झालं, ताप आला किंवा काळे डाग, गाठी राहायला लागल्या तर सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तिथे लेझरबद्दलही विचारा, केसच कमी झाले की पुटकुळ्याही कमी होतात.